पानिपतचे वाङ्मय आणि नेतृत्वाचा दोष

एखाद्या समाजाने आपला इतिहास कसा पचविला आहे हे पाहावयाचे असेल, तर त्याचे ग्रंथ उघडण्यापूर्वी त्याचे वाक्प्रचार ऐकावेत. १७५८ मध्ये मराठी फौजा सिंधूच्या काठापर्यंत पोचल्या आणि 'अटकेपार झेंडा लावणे' हा प्रयोग भाषेत रूढ झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी पानिपत घडले. 'पानिपत होणे', 'विश्वास पानिपतात गेला', 'भाऊगर्दी' हे शब्द त्याने मागे ठेविले. या दोन्हींत एक भेद आहे, आणि तो सहसा लक्षात येत नाही. विजयाच्या वाक्प्रचारात नाव आहे ते एका ठाण्याचे; त्या मोहिमेचे धुरीण असलेल्या रघुनाथरावांचे नाही. पराभवाच्या शब्दांत मात्र सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव या दोघांचीही नावे कायमची गोवली गेली. जय झाला तेव्हा तो सर्वांचा झाला. अपजय झाला तेव्हा त्याला नेत्याचे नाव मिळाले. कोशकार 'भाऊगर्दी' हा शब्द त्या लढाईतील गोंधळाशी जोडतात. पण एखाद्या जागेसाठी इच्छुकांची झुंबड उडाली म्हणजे तो शब्द आपण आज हसत हसत वापरतो. एका राष्ट्रीय संकटातील नेतृत्वाविषयीचा विषाद अडीचशे वर्षांत थट्टेपर्यंत येऊन पोचला, असा याचा अर्थ आहे.

हा विषाद वाङ्मयात कोणकोणत्या रूपांनी प्रकट झाला आणि त्यांतील कोणते रूप आपल्या कामाचे आहे, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे. पानिपतचा पराभव अटळ होता की नव्हता, हा वाद इतिहासकारांचा. वाङ्मयाच्या अभ्यासकाला वेगळे कुतूहल असते. पौष शुद्ध अष्टमी शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१ या एका दिवसात एक पिढी कापली गेली. तिच्या मागे उरलेल्यांनी आपल्या कर्त्या पुरुषांविषयी काय म्हटले? ते म्हणताना कोणाला बोल लाविला, कोणाला वगळले, आणि स्वतःला कोठे उभे केले?

पहिले रूप दैववादाचे आहे. रघुनाथ यादव याची 'पाणिपतची बखर' गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिली गेली असे मानतात. ज्या मातेचा पुत्र रणात पडला, तिच्यासाठी लिहावयाच्या ग्रंथात दोषांची छाननी होणे कठीणच होते. बखरकाराने भारती युद्धाचा आदर्श पुढे ठेविला. पानिपतचे मैदान कुरुक्षेत्राच्या परिसरातले, तेव्हा उपमा आपोआप सुचली असेल. पुढे गोविंदाग्रजांनीही 'पानपतचा फटका' लिहिताना कौरव-पांडवांचेच स्मरण केले. या उपमेने शोकाला भव्यता येते, यात शंका नाही. परंतु तिची किंमतही मोठी आहे. युद्ध महाभारताच्या पातळीवर गेले की अन्न का संपले, पैसा का आला नाही, सल्ला कोणी दिला आणि कोणी धुडकावला, हे प्रश्न क्षुद्र वाटू लागतात. जेथे काळच सर्वांना गिळावयास बसला आहे, तेथे सेनापतीच्या चुकीला जागा उरत नाही. दैववादी वाङ्मय नेत्याचे रक्षण करते ते त्याची स्तुती करून नव्हे. त्याच्या हातून काही घडू शकत होते ही कल्पनाच ते पुसून टाकते.

दुसरे रूप कृष्णाजी शामराव याच्या नावावर असलेल्या 'भाऊसाहेबांच्या बखरी'त आढळते. ही बखर इतिहास म्हणून वाचणाऱ्यांनी तिच्यातील चुका पुष्कळ दाखविल्या आहेत, आणि त्या मान्य केल्या पाहिजेत. पण राजकीय निराशेचे वाङ्मय म्हणून ती वाचली, तर मराठीत तिच्याइतके प्रौढ पुस्तक त्या शतकात दुसरे सापडणार नाही. तिचे पहिले वैशिष्ट्य तिच्या आरंभात आहे. पानिपतची कथा सांगावयाची असून बखरकार प्रारंभ करतो तो रघुनाथरावांच्या उत्तरेतील पहिल्या मोहिमेपासून आणि कुंभेरीच्या वेढ्यापासून. १७५४ मध्ये त्या वेढ्यात मल्हारराव होळकरांचा पुत्र खंडेराव मारला गेला. पुत्रशोकाने पेटलेल्या मल्हाररावांनी किल्ला धुळीस मिळविण्याची प्रतिज्ञा केली. आणि त्याच वेळी सूरजमल जाटाकडून आलेली पगडी स्वीकारून जयाप्पा शिंद्यांनी तहाला हात दिला. शिंदे-होळकरांत पडलेली ही तेढ पुढे सात वर्षे वाढत गेली.

कथा येथून सुरू करणे हीच बखरकाराची समीक्षा आहे. आपत्ती एका सकाळी कोसळत नाही, कर्त्या माणसांच्या परस्परसंबंधांत ती आधीच मुरलेली असते, हे त्याने विवेचनाने सांगितले नाही. कथेचा आरंभबिंदू मागे नेऊन दाखविले. दोन सरदारांच्या भांडणाचा निवाडा करण्याचे सामर्थ्य ज्यांच्या हाती होते, त्या पुण्याच्या दरबाराने तो निवाडा केला नाही. हे वाक्य बखरीत असे लिहिलेले नाही. पण वाचक तेथे आपोआप पोचतो.

दुसरे वैशिष्ट्य संवादांचे. नजीबखान रोहिल्याला मल्हाररावांनी पाठीशी घातले, हा पानिपतच्या चर्चेतील नेहमीचा आरोप. बखरकार तो आरोप लपवीत नाही, पण मल्हाररावांच्या तोंडी त्याचे कारणही घालतो. नजीब समूळ नाहीसा झाला तर उत्तरेत आपली गरज काय उरली? मग पुणेकर आपल्याला धोतरे बडवावयास लावतील, अशा आशयाचे ते बोलणे प्रसिद्धच आहे. ते प्रत्यक्ष घडले असेल वा नसेल. बखरकाराला जे दिसले ते मात्र खोल आहे. शत्रू शिल्लक राहिल्यावाचून आपली पत शिल्लक राहत नाही, असे ज्या राज्यातील थोर सरदाराला वाटते, त्या राज्याच्या नेतृत्वात काही मूलभूत उणीव आहे. हा सरदार स्वार्थी खराच. पण तो असा का झाला याचे उत्तर केवळ त्याच्या स्वभावात शोधून भागत नाही. ज्याच्या निष्ठेवर विसंबावयाचे त्याला भवितव्याची शाश्वती द्यावी लागते, आणि ती दिली गेली नव्हती.

तिसरे वैशिष्ट्य भाऊंच्या चित्रणाचे. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीर येथे निजामाचा पराभव झाला. त्या यशात इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा आणि कवायती पायदळाचा मोठा वाटा होता. त्याच सुमारास दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर १० जानेवारी रोजी पडल्याचे वृत्त दक्षिणेत आले, आणि मार्चमध्ये भाऊ परतुडाहून उत्तरेकडे निघाले. उदगीरचा विजय ताजा असताना त्यांचा तोफखान्यावर भर असणे स्वाभाविक होते. मल्हारराव आणि सूरजमल यांनी जड सामान व बायकामुले मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे असे सुचविले; ते मानले गेले नाही. बखरपरंपरा सांगते की नुसता नकार देऊन भाऊ थांबले नाहीत. एकाच्या म्हातारपणाचा व कुळाचा, तर दुसऱ्याच्या जमीनदारीचा त्यांनी अधिक्षेप केला. सूरजमल दिल्लीहून निघून गेला. मल्हारराव राहिले, पण मनाने किती राहिले हे सांगता येत नाही.

येथे बखरकाराची दृष्टी पारखून घ्यावी. तोफखाना चुकीचा आणि गनिमी कावा बरोबर, असा सोपा धडा त्याच्या कथेतून काढता येतो, आणि पुष्कळांनी काढला आहे. वास्तविक लढाईच्या दिवशी इब्राहिमखानाच्या तुकड्यांनी रोहिल्यांची दाणादाण उडविली होती. ज्याला परका म्हणावे तो शेवटपर्यंत उभा राहिला आणि पकडला जाऊन मारला गेला. दोष शस्त्रनिवडीत शोधणे म्हणून अपुरे ठरते. भाऊंनी एक नवी युद्धपद्धती स्वीकारली. ती ज्यांच्या बळावर चालवावयाची त्या जुन्या सरदारांना मात्र ती पटवून दिली नाही, फक्त फर्माविली. मसलतीच्या प्रसंगात बखरकार हेच दाखवितो. ऐकून घेणे हा सेनापतीचा शिष्टाचार नसून त्याच्या सामर्थ्याचा भाग आहे, आणि तो गमावल्यावर तोफा कितीही चांगल्या असल्या तरी त्यांच्या बाजूला उभे राहावयाचे घोडदळ आपापल्या मनाने धावते. १४ जानेवारीला विंचूरकर व गायकवाड यांची पथके योजना मोडून पुढे सरसावली आणि गारद्यांच्या तोफा मिटल्या. त्या गोंधळाचे बीज दिल्लीच्या मसलतीत होते.

तिसरे रूप आकाराने सर्वांत लहान आणि मोलाने कदाचित सर्वांत मोठे आहे. नाना फडणविसांनी आपल्या हातांनी लिहिलेले आत्मवृत्त थोड्या पानांचे आहे. पानिपतच्या वेळी ते एकोणीस वर्षांचेही नव्हते. मातेला तीर्थयात्रा घडवावी म्हणून मोहिमेबरोबर निघालेला हा तरुण त्या संहारातून पायी, वेष पालटून, गवतात लपत निसटला. माता मात्र हरवली ती कायमची. या आत्मवृत्तात भाऊंवर टीका आहे. जवळच्या अनुभवी माणसांच्या सल्ल्यापासून ते त्या मोहिमेत दूर गेले, हे नाना स्पष्ट सांगतात. पण त्याच पानांवर ते स्वतःच्या चित्ताची चंचलता, वासना, भय आणि पळण्याचा क्षण यांची कबुलीही देतात. ज्या लेखणीने सेनापतीचा गर्व टिपला तिनेच आपली दुर्बलता टिपली, म्हणून तिच्या टीकेत कटुता असूनही तुच्छता नाही. नेत्याला दोष देणाऱ्याने त्या दोषाच्या वर्तुळात आपणही कोठे होतो हे सांगावे, असा या छोट्या लिखाणाचा संस्कार आहे. मराठी आत्मचरित्राने तो पुढे किती जपला, हा स्वतंत्र विषय होईल.

यानंतर आपण एकदम शंभरांहून अधिक वर्षे पुढे येतो. १८९८ मध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पानिपत-काळातील अस्सल पत्रे त्यात प्रथमच मोठ्या संख्येने वाचकांपुढे आली. बखरीच्या ऐकीव गोष्टींना पत्रांचा शह मिळाला, आणि मराठी इतिहासलेखनाचे ते एक नवे पर्व ठरले. तथापि राजवाड्यांची प्रस्तावना वाचताना एक विसंगती जाणवते. पुराव्याची पद्धत त्यांनी नवी आणली, पण निवाडा जुन्याच वळणाचा दिला. पराभवाचे खापर मुख्यतः दोघांच्या माथी फुटले: मल्हारराव होळकर आणि गोविंदपंत बुंदेले. भाऊ त्यांच्या लेखणीतून जवळजवळ निर्दोष बाहेर आले.

गोविंदपंतांचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. अंतर्वेदीतून वसूल पाठवावा, धान्य पाठवावे, अब्दालीची रसद मारावी, अशी मागणी भाऊ त्यांना पत्रामागून पत्र पाठवून करीत होते. पैसा वेळेवर आला नाही, म्हणून भाऊ संतापले. तो संताप पत्रांत आहे आणि तो खरा आहे. परंतु ज्याला संतापाने लिहावयाचे तो वृद्ध मामलेदार डिसेंबर १७६० मध्ये अब्दालीची रसद तोडण्याच्याच कामावर असताना मारला गेला, हेही तितकेच खरे आहे. नेत्याची पत्रे वाचताना आपण नकळत नेत्याच्या जागी बसतो आणि त्याची निराशा आपली समजतो. दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाच्या अडचणी पत्रात येत नाहीत. आल्या तरी त्या सबबी वाटतात. अस्सल कागदालाही दृष्टिकोन असतो. राजवाड्यांसारख्या प्रखर बुद्धीच्या संशोधकालाही आराध्य व्यक्तीविषयीच्या ममत्वामुळे हे पुरते जाणवले नाही.

त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे 'पानिपत : १७६१' हे पुस्तक मराठीत १९६१ मध्ये आले. त्यांनी मैदान स्वतः पाहून लढाईची नवी मांडणी केलीच, पण नेतृत्वाचा प्रश्नही पानिपतच्या मैदानावरून उचलून पुण्याच्या दरबारात नेला. तो तेथेच न्यावयास हवा होता. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊंनी कुंजपुरा घेतला. तेवढ्यात अब्दाली यमुना उतरला आणि दिल्लीची वाट अडवून बसला. तेथून पुढे सुमारे अडीच महिने छावणी वेढ्यात उपाशी पडत गेली. त्याच डिसेंबरात नानासाहेब पेशवे पैठणला स्वतःच्या विवाहात गुंतले होते. नंतर ते उत्तरेकडे सावकाश सरकत भेलशास, म्हणजे आजच्या विदिशास आले. आणि तेथेच त्यांना मोत्यांच्या व मोहोरांच्या सांकेतिक भाषेत लिहिलेले ते सावकारी पत्र मिळाले. त्याच वर्षी जूनमध्ये ते निवर्तले.

आता बखरींकडे वळून पाहावे. मल्हाररावांना बोल आहे, भाऊंना बोल आहे, गोविंदपंतांवरचा बोल पुढे आला. पण ज्यांनी कर्जबाजारी तिजोरीवर मोहीम पाठविली आणि वेळेवर कुमक धाडली नाही, त्या श्रीमंतांच्या वाट्याला दोषापेक्षा शोकच अधिक आला. पुत्र आणि चुलतभाऊ गमावून खचलेला पिता असेच त्यांचे चित्र मराठी मनात राहिले. ते करुण आहे आणि खोटेही नाही. पण या करुणेत सर्वोच्च जबाबदारी विरघळून गेली. रणांगणावर दिसणाऱ्या माणसाला दोष देणे सोपे असते. दूर राहून निर्णय करणारा, किंवा न करणारा, वाङ्मयात सहसा रडताना दिसतो, उत्तर देताना दिसत नाही.

या वाङ्मयाला एक विलक्षण उपसंहारही आहे. भाऊंचा देह ओळखला गेला की नाही याविषयी शंका राहिली. पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पुढे आपण भाऊसाहेब आहोत असे सांगणारा एक तोतया पुढे आला, कोकणात त्याच्या मागे मोठा जमाव लोटला, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. नरसिंह चिंतामण केळकरांनी या प्रसंगावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. जे लोक भाऊंच्या हट्टाला दोष देत होते तेच पंधरा वर्षांनी भाऊ परत आले या वार्तेने वेडे झाले. यात विरोध वाटतो, पण तो वरवरचा आहे. निराशेचा विचार झाला नाही म्हणजे ती तृष्णा बनते. जिवंत नेत्यांची कुरबुर पाहून विटलेल्या जनतेला मेलेला नेता निर्मळ वाटू लागतो, आणि मग त्याचे सोंग घेणाऱ्यालाही अनुयायी मिळतात.

अलीकडच्या काळात विश्वास पाटलांच्या 'पानिपत' (१९८८) या कादंबरीने या विषयाला फार मोठा वाचक मिळवून दिला. भाऊंविषयी शतकानुशतके साचलेली हेटाळणी तिने धुऊन काढली, हे तिचे श्रेय. थंडी, भूक, अंतर यांचा दाब वाचकाला शरीराने जाणवेल अशी तिची वर्णनशक्ती आहे. तरीही भाऊंना न्याय देण्याच्या ओढीत ती त्यांच्या निर्णयांकडे पुष्कळदा त्यांच्याच डोळ्यांनी पाहते. उद्धट सेनापती जाऊन एकाकी वीर आला. मसलतीत गप्प बसलेली माणसे मात्र तशीच अंधारात राहिली. हेटाळणीची जागा पूजेने घेतली, तर समजुतीचे पाऊल पुढे पडत नाही.

हा विचार आपल्या वाचकांपुढे ठेवण्यास एक खास कारण आहे. महाराष्ट्रातील वाचकाला पानिपत हा अभिमानमिश्रित दुःखाचा विषय आहे. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, सागर येथील मराठी माणसाला तो याहून अवघड आहे; कारण आरोपींच्या यादीतील नावे त्याच्या नगराच्या रस्त्यांवर आणि छत्र्यांवर कोरलेली आहेत. होळकर निसटले, गायकवाड योजना मोडून धावले, बुंदेल्यांनी पैसा पाठविला नाही, ही वाक्ये तो आपल्या घराविषयी ऐकतो. स्वाभाविकच या नगरांतून प्रत्युत्तरे दिली जातात: जखमी होऊन वाचलेल्या महादजी शिंद्यांनी दहा वर्षांत मराठी निशाण दिल्लीस पुन्हा नेले, मल्हाररावांच्या घराने अहल्याबाई दिल्या, इत्यादी. यांतील प्रत्येक गोष्ट सत्य आहे. पण वकिलाचे सत्य आणि समीक्षकाचे सत्य वेगळे. घराण्याची बाजू मांडून घराण्याची अब्रू राखता येईल, पानिपत कळणार नाही. पुण्याने इंदुराला आणि इंदुराने पुण्याला दोष देत राहणे म्हणजे कुंभेरीचे भांडण ग्रंथांतून चालू ठेवणे होय.

शिक्षकांसाठी यातून एक छोटी गोष्ट निघते. बखरीतील वेचा निवडावयाचा झाला की आपला हात बहुधा दत्ताजींच्या अंतसमयाकडे जातो. तो प्रसंग तेजस्वी आहे आणि त्यातील उत्तर प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. त्याच्या शेजारी मसलतीचा प्रसंगही ठेवावा. पहिल्यात शौर्य कसे बोलते ते कळते. दुसऱ्यात अधिकार कसा ऐकत नाही ते कळते. मुलांना विचारावे: येथे कोण बोलले, कोणाचे बोलणे तोडले गेले, कोण ठाऊक असून गप्प बसले, आणि जे त्या डेऱ्यात नव्हतेच त्यांची जबाबदारी कोणती? नेत्याला शिव्या देणे आणि नेत्याची आरती करणे यांसाठी शिक्षणाची गरज पडत नाही. या चार प्रश्नांसाठी पडते. आणि ते विचारण्याची सवय ज्या वर्गाला लागली, त्याला 'भाऊगर्दी' हा शब्द उच्चारताना निदान एकदा तरी थांबावेसे वाटेल.